दारू सोडतानाचा पहिला आठवडा : इंदूरच्या मराठी घरांसाठी

आपल्याकडे दारू सोडायची म्हणजे शपथ घ्यायची. खजरान्याच्या गणपतीसमोर हात जोडायचे, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा, उरलेली बाटली मोरीत ओतायची आणि उद्यापासून बंद. अधूनमधून पिणारा माणूस यातून सहज पार पडतो. पण वर्षानुवर्षं रोज पिणारा, सकाळी हात थरथरतात म्हणून उताऱ्याला घोट घेणारा माणूस असा एका रात्रीत थांबला, तर त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू पिऊन माणसं मरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती अचानक बंद केल्यानेही दगावतात, हे फार थोड्या घरांत माहीत असतं.

मी स्वतः या आठवड्यातून गेलोय, आणि पुढे सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर अशा भागांतल्या कितीतरी घरांत त्याच आठवड्यात जाऊन बसलोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस इथे मिळणार नाहीत. काय होतं, कुठे जायचं, काय विचारायचं आणि कशापासून लांब राहायचं, तेवढं सांगतो. काही भाग पिणाऱ्यासाठी आहे, काही घरच्या मंडळींसाठी. दोघांनी दोन्ही वाचावं.

१. आधी खराखुरा हिशेब लिहा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून काढा:

– रोज किती, कोणती आणि किती वर्षांपासून
– शेवटचा घोट कधी घेतला, तारीख आणि वेळ
– सकाळी हात थरथरतात का, आणि प्यायल्यावर थांबतात का
– याआधी कधी बंद केली होती का, तेव्हा काय झालं होतं
– झोपेची गोळी, वेदनाशामक, भांग, तंबाखू, यातलं आणखी काय चालू आहे

प्रमाण ‘दोन पेग’ असं लिहू नका. घरचा पेग ज्याच्या त्याच्या हातावर असतो. बाटलीत मोजा: क्वार्टर १८० मिलिलिटर, अद्धा ३७५, खंबा ७५०. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका क्वार्टरमागे सुमारे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरवाल्या दोन बाटल्या धरल्या तर ८० ग्रॅमच्या वर जातं. ‘मी तर फक्त बिअर घेतो’ यावर डॉक्टर खूश का होत नाहीत, ते यावरून कळेल.

२०२३च्या एप्रिलपासून मध्य प्रदेशात अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाले आणि बऱ्याच जणांचं पिणं गच्चीवर, गाडीत किंवा थेट घरात आलं. त्यात सोय एकच, रिकाम्या बाटल्या घरच्यांना मोजता येतात. नवऱ्याचा आकडा आणि बायकोचा आकडा वेगळा निघाला तर दोन्ही लिहा. डॉक्टर काय ते समजतात.

शेवटच्या घोटाची वेळ मात्र चुकवू नका. पुढचं सगळं वेळापत्रक तिथून मोजलं जातं.

२. घरी की दवाखान्यात, हे स्वतः ठरवू नका

प्रत्येकाला भरती व्हावं लागत नाही. बऱ्याच लोकांची दारू डॉक्टर गोळ्या देऊन, रोज तपासून घरीच सोडवतात. पण खालच्यापैकी एक जरी गोष्ट लागू असेल तर घरी राहण्याचा हट्ट सोडा:

– मागे दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा माणूस बरळला होता
– सकाळपासून पिणं चालू असतं, दिवसभर थोडी थोडी लागते
– लिव्हर, हृदय, मधुमेह, मिरगी, डोक्याला मार, असं काही आहे
– वय साठीच्या पुढे आहे किंवा अंगात ताप आहे, खाणं तुटलेलं आहे
– दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही रोज चालू आहेत
– आत्महत्येचे विचार येतात
– गर्भवती बाई पीत असेल (हे आपल्या घरांत बोललंही जात नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय)
– घरात चोवीस तास लक्ष ठेवणारं, न पिणारं मोठं माणूस नाही

‘मागच्या वेळी सोडली तेव्हा नुसते हात थरथरले, आताही तेवढंच होईल’ हा हिशेब चुकतो. सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं, तितका पुढच्या वेळचा त्रास वाढत जाण्याची शक्यता असते. मागच्या वेळी थरथर, या वेळी फिट, असं होऊ शकतं.

आणखी एक प्रसंग, जो मराठी घरांत फार घडतो. माणूस हाड मोडून किंवा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती होतो. दारूचं कोणी सांगत नाही, कारण बाजूच्या खाटेवर ओळखीचे काका असतात. दवाखान्यात दारू मिळत नाही. तिसऱ्या दिवशी तो माणूस सलाईन उपटून पळायला लागतो आणि सगळे म्हणतात, भूल बाधली. ऑपरेशन कसलंही असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन पिण्याचं खरं प्रमाण सांगा. ते आधीच गोळ्या सुरू करतील आणि हा सगळा तमाशा टळेल.

३. इंदुरात जायचं कुठे

हे काम मानसोपचारतज्ज्ञाचं आहे. पोटाच्या डॉक्टरकडे लिव्हर दाखवायचंच, पण दारू सोडवायला मानसोपचारतज्ज्ञ हवा. ‘मी काय वेडा आहे का’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ऐकून घ्या आणि रिक्षा बोलवा.

सरकारी दोन जागा आहेत. एक एम. वाय. हॉस्पिटल, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालय, तिथला मानसोपचार विभाग. दुसरी बाणगंगेचं मानसिक रुग्णालय. दोन्ही एम. जी. एम. मेडिकल कॉलेजशी जोडलेली आहेत. बाणगंगेचं नाव काढलं की घरात आधी शांतता पसरते. माझं मत विचाराल तर नावाला घाबरून आठवडाभर घरी धोका पत्करण्यापेक्षा बाणगंगा शंभर पटीने बरी. फिट आली, शुद्ध हरपली, रक्ताची उलटी झाली, तर मात्र बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभं राहायचं नाही. सरळ एम. वाय.च्या आपत्कालीन विभागात, किंवा घराजवळ आयसीयू असलेल्या कुठल्याही दवाखान्यात. १०८ला फोन लावा.

खासगीत जायचं तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. रात्री त्रास वाढला तर तुम्ही किंवा तुमचे कोणी येणार का? तुम्ही जिथे भरती करता तिथे आयसीयू आहे का? भरती न करता करायचं तर पहिले चार-पाच दिवस रोज बघणार का? तिन्हीची उत्तरं सरळ आली तर पुढे बोला.

आता नशामुक्ती केंद्रांबद्दल. चांगली केंद्रं आहेत, तिथून माणसं सुधारून आलेली मी पाहिली आहेत. पण पहिल्या आठवड्यासाठी केंद्र निवडताना बाहेरच्या बोर्डावर जाऊ नका. आत डॉक्टर आणि नर्स असतात का, की सगळा कारभार ‘बरे झालेले’ जुने रुग्णच बघतात? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ खालची नोंदणी दाखवा म्हटल्यावर कागद पुढे येतो की चहा? पहिल्या दिवसापासून भेटू आणि फोनवर बोलू देतात का? ‘एकदा सोडून जा, तीन महिने तोंड दाखवू नका’ असं सांगणाऱ्याकडे आपला माणूस सोडू नका. रात्री गाडी पाठवून चार जण घरातून उचलून नेतात, असले प्रकारही चालतात. त्याला उपचार म्हणत नाहीत.

या कायद्यातल्या काही गोष्टी घरच्यांना माहीत असाव्यात. दारूमुळे होणारे मानसिक त्रास कायद्याने मानसिक आजारातच धरले आहेत. त्यामुळे प्रौढ माणूस स्वतःच्या इच्छेने भरती होऊ शकतो आणि स्वतःच्या इच्छेने सुटी मागू शकतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, डॉक्टरांनी तपासून, सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. आजाराची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. बँकेतल्या साहेबांना किंवा सोसायटीच्या अध्यक्षांना ती मिळू शकत नाही.

फोनवर आधी बोलायचं असेल तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट. नाव न सांगताही विचारता येतं.

४. पिशवीत काय न्यायचं

– आधार कार्ड, समग्र आयडी, आणि असेल तर आयुष्मान कार्ड
– जुने रिपोर्ट: लिव्हर, शुगर, सोनोग्राफी, ईसीजी
– चालू औषधांची पाकिटं (नावं पाठ म्हणून दाखवू नका, पाकिटंच न्या)
– वर लिहिलेला हिशेबाचा कागद
– समोरून उघडणारे दोन-तीन शर्ट, पंचा, चादर, कारण घाम भरपूर येतो
– चष्मा, घड्याळ आणि ऐकायचं यंत्र असेल तर तेही. भ्रमात गेलेल्या माणसाला वेळ आणि चेहरे ओळखू येण्याने मोठा आधार मिळतो
– बिस्किटं, ओआरएसची पाकिटं, लिंबू

खासगी मेडिक्लेमवर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसींमध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाचा उपचार वगळलेला असतो. अपवादांच्या यादीत तो क्रमांक १२वर सापडेल. एजंट काहीही म्हणो, ते कलम आधी वाचा. आयुष्मानखाली काय बसतं ते त्या त्या रुग्णालयाच्या आयुष्मान मित्राला भरतीआधी विचारा.

भरतीच्या वेळी रक्त तपासतात: लिव्हर, शुगर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम. हे पैसे काढायचे धंदे नव्हेत. रोज पिणाऱ्याच्या अंगात मॅग्नेशियम, पोटॅशियम बऱ्याचदा कमी झालेलं असतं आणि त्याने फिट, हृदयाचे ठोके, सगळंच बिघडतं.

५. तासागणिक काय होतं

दारू मेंदूला ब्रेक लावते. रोज ब्रेक दाबलेला असला की गाडी चालती ठेवायला मेंदू ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो. मग एक दिवस ब्रेकवरचा पाय अचानक उचलला तर काय होईल? पुढे लिहिलंय ते सगळं यातूनच येतं. मन कमकुवत असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पहिले सहा ते चोवीस तास. हात थरथरतात, पाण्याचा ग्लास धरता येत नाही. घाम, मळमळ, धडधड, डोकं ठणकतं, छातीत विनाकारण भीती बसते. दाराची कडी वाजली तरी दचकायला होतं. चिडचिड इतकी की मुलांचा आवाज सहन होत नाही. झोप नाही. बहुतेकांचा त्रास इथेच राहतो आणि दोन-तीन दिवसांनी उतरू लागतो. या पहिल्या रात्री ‘एक घोट दे, सगळं थांबेल’ असं आतून इतकं पटवून सांगितलं जातं की तेच शहाणपण वाटतं. थांबतंही खरंच. म्हणून तर ही लढाई केवळ इच्छाशक्तीवर सोडायची नसते.

सहा ते अठ्ठेचाळीस तास. फिट, म्हणजे आपल्या इंदुरी बोलीत झटका, येण्याचा धोका याच वेळात. आधी कधीच न आलेल्या माणसालाही येते. काहींना पहिल्या-दुसऱ्या दिवशी नसलेलं दिसतं, ऐकू येतं: भिंतीवर मुंग्या, बाहेर कोणी नाव घेऊन हाक मारतंय असं. पण माणूस भानावर असतो, आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. हे लगेच डॉक्टरांना सांगा.

अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तास. घरच्यांनी सगळ्यात जास्त जागं राहायचं ते इथे, आणि नेमके इथेच सगळे सैल पडतात. दोन दिवस निघाले, आता काही होत नाही, असं म्हणून भाऊ गावी परततो, बायको ऑफिसला जाते. डॉक्टर ज्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं. ताप येतो, नाडी धावते, घामाने अंथरूण भिजतं. वार कोणता, घर कोणाचं, काही कळत नाही. माणूस चादर चाचपतो, हवेतले धागे ओढतो. दुकानदार असेल तर खाटेवर बसून नसलेल्या गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देतो. शिक्षक हजेरी घेतो. बघणाऱ्याला आधी हसू येतं, मग पोटात गोळा येतो. सगळ्यांना हे होत नाही, थोड्यांनाच होतं. पण ज्याला होतं त्याच्यासाठी ते जिवावरचं आहे, आणि वेळेत दवाखान्यात पोचलेले बहुतेक जण वाचतात. बाहेरची बाधा म्हणून लिंबू-मिरची उतरवत बसलात तर तेवढे तास गेले.

पाचवा ते सातवा दिवस. थरथर थांबते, भूक लागते. पहिल्यांदा वरण-भाताला चव आली की माणसाला स्वतःचंच नवल वाटतं. झोप मात्र लगेच रुळत नाही. कित्येक आठवडे तुटक झोप, विचित्र स्वप्नं आणि कारण नसताना उदासी राहू शकते. त्याची आधीच कल्पना असू द्या, नाहीतर ‘सोडूनही बरं वाटत नाही, मग सोडली कशाला’ हा विचार दुसऱ्याच आठवड्यात दार ठोठावतो.

६. औषधं

मुख्य गोळ्या दोन-तीनच असतात. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि लिव्हर फार बिघडलेलं असेल किंवा वय जास्त असेल तर बहुधा लोराझेपाम. या मेंदूवर दारूसारखाच हलका ब्रेक ठेवतात आणि डॉक्टर तो साधारण आठवडाभरात रोज थोडा थोडा सैल करत नेतात. म्हणून पहिल्या दिवशी गोळ्या जास्त आणि शेवटी एखादी, हे बरोबरच आहे. ‘गोळीचं व्यसन लागेल’ म्हणून घरच्यांनी मधेच गोळी कमी करू नये, आणि बरं वाटतंय म्हणून आठवड्यानंतर स्वतःहून चालूही ठेवू नये. गोळ्यांचं पाकीट पिणाऱ्याच्या हाती देऊ नका. घरच्या एकाने द्यावी, वेळ लिहून. गोळ्या चालू असताना स्कूटर नाही, गाडी नाही. आणि या गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावून झोपेतच संपण्याची भीती असते. तेव्हा तोंडाला वास आला तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन.

दुसरं औषध स्वस्त आहे, साधं आहे, आणि तेच विसरलं जातं: थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१. पिणाऱ्याच्या अंगात ते नसतंच म्हणा. ते फार कमी पडलं की चालताना तोल जातो, डोळे नीट फिरत नाहीत, गोंधळ होतो, आणि वेळेवर दिलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. सुरुवातीला ते इंजेक्शनने देतात, कारण खराब पोटातून गोळी नीट शोषली जात नाही. गल्लीतल्या डॉक्टरकडून ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली चढवा’ म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घेणं इथे महागात पडतं. ग्लुकोजमुळे उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं. ग्लुकोज लावायचंच असेल तर थायमिन आधी किंवा सोबत. हे विचारायला लाजू नका.

७. घरच्या मंडळींनी काय करायचं

वहिनी, ताई, आई, जे कोणी असाल: पाळ्या लावा. एकट्या बाईने चार रात्री जागून काढायच्या आणि वर सासूचं ऐकायचं, हे आपल्याकडे फार चालतं. दीर, भाचा, शेजारचा भरवशाचा मुलगा, कोणीही रात्र वाटून घ्या.

खोलीत मंद दिवा रात्रभर असू द्या. अंधारात सावल्यांचा भ्रम वाढतो. टीव्ही नको, पाहुणे नकोत, आणि उपदेश तर मुळीच नको. ‘आता तरी कळलं ना’ हे वाक्य निदान दोन आठवडे जिभेवर येऊ देऊ नका.

खायला थोडं थोडं, वारंवार. भाताची पेज, मुगाची खिचडी, ताक, केळं, वरणाचं पाणी. पोहे-जिलेबी नंतर आहेतच, पहिल्या दोन दिवसांत तळकट आणि शेवेचा तिखटपणा पोट फेकून देतं. चहा-कॉफी कमी, नाहीतर धडधड वाढते. मधुमेही असेल तर शुगर दिवसातून चारदा बघा, कारण खाणं तुटलेलं असताना नेहमीची गोळी शुगर फार खाली नेऊ शकते.

फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही सरकवा, आजूबाजूचं टोकेरी सामान लांब करा. घड्याळात वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. दारू सोडताना आलेली फिट दोन मिनिटांत थांबली तरी दवाखान्यात न्यायचंच. पाच मिनिटं थांबली नाही, किंवा एकामागून एक आली, तर १०८ येईपर्यंत खाली बसून राहायचं नाही, जे वाहन मिळेल त्यात घाला.

याशिवाय लगेच हलवायचं ते केव्हा: ताप आणि बरळणं एकत्र आलं तर, सतत उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर, उलटीत किंवा काळ्या शौचात रक्त दिसलं तर, छातीत दुखलं तर, जागं करूनही नीट जागा होत नसेल तर.

८. ज्यात बरेच जण अडकतात

‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’. या जाहिराती तुम्ही भिंतींवर आणि मोबाइलवर पाहिल्या असतील. भाजीत, चहात मिसळायची पावडर. अशा पुडीत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि कधी कधी त्यात डायसल्फिराम असतं. हे औषध खरं आहे, डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून, आणि शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास गेल्यावरच. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब खाली, आणि कमजोर हृदयाचा माणूस जाऊही शकतो. शेवटच्या गोळीनंतर पंधरवड्यापर्यंत हा परिणाम राहू शकतो. चोरून देणाऱ्या बायकोचा हेतू मी समजू शकतो. पण नवऱ्याला माहीतच नाही आणि तो संध्याकाळी क्वार्टर फोडतो, याचा विचार करा.

तीर्थाला जाऊन सोडणं. १ एप्रिल २०२५पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर इथे दारूची दुकानं बंद आहेत. म्हणून ‘चार दिवस नर्मदेकाठी राहू, तिथे मिळणारच नाही’ अशी योजना घराघरांत निघते. दर्शनाला जरूर जा, पण महिन्याभराने. रोज पिणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवसाचा सगळा धोका घेऊन ओंकारेश्वरच्या धर्मशाळेत नेऊन ठेवणं म्हणजे डॉक्टरांपासून लांब नेणं.

मेडिकलमधून आपणच गोळी आणणं. ओळखीचा दुकानदार अल्प्राझोलमची पट्टी देतो, झोप लागते, आणि महिन्याभरात दारूही आहे आणि गोळीही आहे.

हळूहळू स्वतःच कमी करणं. चार पेगांचे तीन, तीनाचे दोन. कागदावर सुंदर दिसतं. डॉक्टरांनी आखून दिलं आणि बाटली दुसऱ्याच्या ताब्यात असली तर भरतीची तारीख मिळेपर्यंत याचा उपयोग होतो. एकट्याने करायला गेलं की शनिवारी सगळा हिशेब फिस्कटतो. तरी एक लक्षात ठेवा: थरथर सुरू झालीय, डॉक्टर उद्याच भेटणार आहेत, तर त्या रात्री हट्टाने कोरडं राहून फिट ओढवून घेण्यापेक्षा आपत्कालीन विभागात जाणं बरं.

आसव-अरिष्टं. द्राक्षासव, दशमूलारिष्ट ही आपल्या घरांत सात्त्विक मानली जातात. बाटलीवर वाचा, त्यात स्वयंजनित (आंबवताना आपोआप तयार झालेलं) अल्कोहोल पाच ते दहा टक्के असू शकतं. काही खोकल्याच्या औषधांतही असतं. डायसल्फिराम चालू असेल तर हे सगळं बंद.

कावीळ झाल्याचं सांगणं. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण दवाखान्यातल्या एकाही माणसाला ते सांगू नका. रात्रपाळीचा डॉक्टर कागदावर कावीळ वाचून कावीळच शोधत बसतो.

९. आठवडा संपल्यावर

आठवड्याने शरीरातली दारू गेली. पिण्याची ओढ तिथेच असते. ‘सुटली’ म्हणून पेढे वाटू नका, डिस्चार्जच्या आधी पुढची तारीख घ्या.

ओढ कमी करणारी औषधं आहेत. नाल्ट्रेक्सोन, पण ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर ते चालत नाही. अकँप्रोसेट, त्यासाठी किडनी ठीक हवी. लिव्हर खराब असेल तर डॉक्टर बॅक्लोफेनचा विचार करतात. ही काही महिने घ्यायची असतात, आणि फार थोड्या रुग्णांना ती दिली जातात. ‘मला यातलं काही लागेल का’ असं आपणहून विचारा.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या, सभा इंदुरात होतात. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. सभा बहुतेक हिंदीत चालतात, पण त्याने कोणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. पहिल्या सभेत काही बोलायची सक्ती नसते. मागच्या खुर्चीवर बसून चहा पिऊन आलात तरी चालतं. घरच्यांसाठी अल-ॲनॉन वेगळं आहे. बायकांनी तिथे नवऱ्याला न विचारता जावं.

तारीख निवडायची मुभा असेल तर रंगपंचमीच्या गेरआधीचा (रंगांच्या मिरवणुकीआधीचा) आठवडा, अनंत चतुर्दशी आणि घरातलं लग्न टाळा. पुढचे सहा महिने लग्नांना जा, पण जेवून निघा. गच्चीवर ‘भिया, बस एक’ म्हणणारा एक मावसभाऊ प्रत्येक लग्नात असतो. त्याच्याशी वाद घालू नका, ‘गोळ्या चालू आहेत, रिॲक्शन येते’ एवढं पुरतं.

ऑफिसच्या रजेसाठी दाखला लागतो. त्यावर आजाराचा तपशील नको असेल तर तसं डॉक्टरांना आधी सांगा, बरेच जण ‘उपचाराधीन’ एवढंच लिहून देतात. खोटा आजार लिहून मागू नका.

आणि पुन्हा प्यायलात तर? पुष्कळ जण पितात. दोन गोष्टी तेव्हा लक्षात असू द्या. मधल्या काळात सोसण्याची ताकद उतरलेली असते, त्यामुळे जुन्या मापाने प्यायलेला पहिलाच खंबा घातक ठरू शकतो. आणि एका संध्याकाळचं पिणं असेल तर दुसऱ्या दिवशी थांबता येतं, पण आठवडा-पंधरा दिवस रोज चाललं असेल तर पुन्हा अचानक बंद करायचं नाही. आधी डॉक्टरांना फोन, रविवार असला तरी.